इगाच्या निंजा संग्रहालयाला जायचंय? आधी स्टेशनचं नाव नीट वाचा

जपानमध्ये ओसाकात राहायला आल्यापासून मी इगाला तीनदा गेले. पहिल्यांदा दुपारी साडेतीनला दारात पोचलो आणि तिकीट खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही हातांची फुली करून दाखवली. दुसऱ्यांदा आत गेलो, पण तासाभरात सगळं 'बघून' बाहेर आलो आणि काय पाहिलं ते कुणालाच सांगता येईना. तिसऱ्यांदा सातारहून आलेले आई-बाबा आणि दहा वर्षांचा भाचा बरोबर होते. त्या दिवशी मात्र सगळं जमलं. म्हणून त्या तिसऱ्या दिवसाच्या हिशोबानेच हे लिहितेय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. या सहलीत संग्रहालय अवघड नाही, अवघड आहे ते तिथे वेळेत पोचणं. मुंबई-पुण्याहून जपानला आठ-दहा दिवसांसाठी येणारे बहुतेक जण इगाचा बेत आदल्या रात्री हॉटेलात बसून ठरवतात आणि तिथेच फसतात.

१. आधी कोणतं संग्रहालय ते ठरवा

'निंजा म्युझियम' असं शोधलंत की पाच-सहा वेगवेगळ्या जागा समोर येतात. त्यांतली प्रत्येक जागा वेगळी आहे.

हा लेख इगाच्या संग्रहालयाबद्दल आहे. पूर्ण नाव इगा-र्यू निंजा संग्रहालय, म्हणजे इगा परंपरेच्या निंजांचं. मिए प्रांतातल्या इगा शहरात, उएनो किल्ल्याच्या बागेत ते आहे. 1964 साली सुरू झालं. इथे जुनं निंजा-घर आहे, हत्यारं-अवजारांचं दालन आहे, इतिहासाचं दालन आहे आणि वेगळं तिकीट काढून पाहायचा प्रात्यक्षिकांचा शो आहे.

डोंगरापलीकडे, शिगा प्रांतात कोका आहे. इगा आणि कोका ही निंजांची दोन मोठी गावं, आपल्याकडच्या दोन घराण्यांसारखी. कार्टूनवाल्यांनी त्यांना एकमेकांचे हाडवैरी करून टाकलंय. प्रत्यक्षात हे शेजारी. मधे एक डोंगररांग, येणंजाणं, नातेसंबंध. कोकामध्ये मोचिझुकी घराण्याचा सतराव्या शतकाच्या शेवटचा मूळ वाडा जागेवरच उभा आहे. ज्यांना गर्दी नको आणि खरी जुनी वास्तू हवी, त्यांनी तिकडे जावं. पण मुलं बरोबर असतील तर इगाच बरं.

तोक्यो आणि क्योतोत शहराच्या मधोमध जी 'निंजा अनुभव' केंद्रं आहेत, तिथे तासाभरात पोशाख, फोटो, चांदणीफेक (चांदणीच्या आकाराचं निंजांचं हत्यार फेकणं) असं सगळं होतं. त्यात वाईट काही नाही, वेळ कमी असेल तर जरूर जा. फक्त तिथे इतिहासाचं गाव भेटेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि कानाझावातलं 'निंजा मंदिर', म्हणजे म्योर्यूजी, याचा निंजांशी संबंध नाही. चोरवाटा आणि फसवे जिने आहेत म्हणून लोकांनी ते नाव पाडलं. मंदिर सुरेख आहे, पण तो वेगळा बेत.

२. दिवस निवडा

सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, पण शो बघायचा तर शनिवार-रविवारच सोयीचा. शो रोज नसतो, त्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि त्या महिन्यागणिक बदलतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं कॅलेंडर पाहूनच तारीख नक्की करा. वर्षअखेरीला आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला काही दिवस संग्रहालय बंद असतं.

एप्रिल-मे मध्ये गावात निंजा महोत्सव असतो. तेव्हा निम्मं गाव निंजाच्या पोशाखात फिरतं, बँकेतले कारकूनसुद्धा. मुलांना मजा येते, पण रांगा लांब लागतात. 22 फेब्रुवारीला 'निंजा दिवस' असतो, कारण जपानीत दोनला 'नि' म्हणतात आणि दोन-दोन-दोन म्हणजे 'निन-निन-निन'. 2017 साली याच तारखेला इगाने स्वतःला 'निंजा शहर' म्हणून जाहीर केलं.

जुलै-ऑगस्ट टाळता आला तर टाळा. इगा हे चारही बाजूंनी डोंगर असलेलं खोरं आहे. उन्हाळ्यात तिथे हवा हलत नाही, मे महिन्यातल्या मुंबईसारखा घाम निथळतो.

३. काय बरोबर घ्याल

पासपोर्ट. पर्यटकाने तो जवळ बाळगणं जपानमध्ये कायद्याने बंधनकारक आहे, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नका.

रोख येन, आणि त्यात शंभरची नाणी भरपूर. शहरात सगळीकडे कार्ड टॅप करायची सवय लागलेली असते, पण गावाकडच्या छोट्या रेल्वेवर, शोच्या तिकिटाला, चांदण्या फेकायच्या खेळाला, कधी काय लागेल सांगता येत नाही. माणशी तीन-चार हजार येन रोख असले की डोक्याला ताप नाही. संग्रहालयाचं मोठ्यांचं तिकीट हजार येनच्या घरात आहे, शोचं त्याच्या साधारण निम्मं. उरलेले पैसे गाडीभाडं आणि खाण्यासाठी.

बिनभोकाचे मोजे. हसू नका. निंजा-घरात चपला-बूट बाहेर काढावे लागतात आणि सँडल घालून आलेल्या माणसाची थंडीत लाकडी जमिनीवर कशी तारांबळ उडते ते मी पाहिलंय. बूटही पटकन काढता-घालता येतील असे.

मोबाइलमध्ये जपानी-मराठी किंवा जपानी-इंग्रजी भाषांतराचं ॲप, कॅमेऱ्याने पाटी वाचता येईल असं. दालनात इंग्रजी आहे, पण छोट्या चिठ्ठ्या बऱ्याचदा फक्त जपानीत असतात, आणि मजेच्या गोष्टी नेमक्या तिथेच असतात.

खाऊ. शाकाहारी असाल तर हे विसरू नका. याबद्दल पुढे.

मोठी बॅग आणू नका. ओसाका किंवा क्योतोच्या मोठ्या स्टेशनवरच लॉकरमध्ये टाका. संग्रहालय टेकडीवर आहे आणि चाकांच्या बॅगेला तो चढ झेपत नाही.

४. गाडी पकडणं: खरी परीक्षा इथे

आता नीट वाचा, कारण बहुतेकांचा दिवस इथेच वाया जातो.

पहिला सापळा नावाचा. 'उएनो' म्हटलं की नकाशा तुम्हाला तोक्योच्या उएनोला नेतो. तुम्हाला जायचंय ते इगातल्या उएनोला. तिथेही दोन स्टेशनं आहेत. 'इगा-उएनो' हे जेआरचं, म्हणजे जपान रेल्वेचं, स्टेशन गावाबाहेर आहे, बागेपासून तीनेक किलोमीटर लांब. 'उएनोशी' हे इगा रेल्वेचं स्टेशन गावाच्या मधोमध आहे. तुम्हाला उतरायचंय ते उएनोशीला. 2019 पासून या स्टेशनला 'निंजाशी', म्हणजे निंजा-शहर, असं टोपणनावही मिळालंय. दोन्ही नावं एकाच स्टेशनची, गोंधळू नका.

दुसरा सापळा लिपीचा. ओसाकाहून येताना 'इगा-काम्बे' इथे गाडी बदलायची असते. 'काम्बे' ज्या दोन अक्षरांनी लिहितात, त्याच दोन अक्षरांनी 'कोबे' लिहितात. कोबेत आपले बरेच भारतीय राहतात, त्यामुळे ती दोन अक्षरं आपल्यातल्या पुष्कळांना चित्रासारखी पाठ असतात. माझे एक परिचित पाटी वाचून "अरे, आपण उलटे कोबेला आलो!" म्हणून घाबरून उतरले नाहीत आणि पुढे निघून गेले. अक्षरं सारखी असली तरी त्याच्या आधी 'इगा'ची दोन अक्षरं असतात, ती बघा.

ओसाकाहून: किन्तेत्सु कंपनीची ओसाका लाइन घ्या. एक्स्प्रेस, म्हणजे 'क्यूको', ओसाका-उएहोम्माची स्टेशनवरून सुटते. नाम्बाला राहत असाल तर तिथून कोणत्याही किन्तेत्सु गाडीने त्सुरुहाशीला या आणि तिथे बदला. त्सुरुहाशीला नाराकडे जाणाऱ्या गाड्याही येतात. पाटीवर नारा दिसलं तर चढू नका, ती गाडी पुढे फुटून वेगळ्याच दिशेला जाते. एक्स्प्रेसने इगा-काम्बेला सव्वा तास धरा. 'तोक्यू', म्हणजे लिमिटेड एक्स्प्रेस, थोडी लवकर पोचवते, पण तिला वेगळं जादा तिकीट लागतं आणि प्रत्येक तोक्यू इगा-काम्बेला थांबत नाही. तिकीट न काढता आत बसलात तर तपासनीस अतिशय नम्रपणे पैसे घेतो.

इगा-काम्बेहून इगा रेल्वेची दोन डब्यांची छोटी गाडी. अर्ध्या तासाचा प्रवास. काही गाड्यांच्या तोंडावर मोठ्ठे निंजाचे डोळे रंगवलेत. ते चित्र लेइजी मात्सुमोतो या प्रसिद्ध कॉमिक-चित्रकाराचं. भाचा ती गाडी येताना पाहून जो नाचायला लागला, तो फलाटावरच्या आजोबांना इतका आवडला की त्यांनी खिशातून गोळी काढून दिली. ही गाडी ताशी एक-दोन असते. किन्तेत्सुची गाडी निवडताना पुढची इगा रेल्वे किती मिनिटांनी आहे ते आधी पाहा, नाहीतर काम्बेच्या ओसाड फलाटावर चाळीस मिनिटं बसावं लागेल.

क्योतोहून: जेआरने कुसात्सु, तिथून कुसात्सु लाइनने त्सुगे, तिथून कान्साई लाइनने इगा-उएनो, मग इगा रेल्वेने उएनोशी. तीन-चार गाड्या, दोन तासांच्या आसपास. कान्साई लाइनच्या या भागात अजून वीज नाही, डिझेलची एक-दोन डब्यांची गाडी धावते. खिडकीतून भाताची खाचरं, बांबूची बनं, मधेच एखादं कौलारू घर; पावसाळ्यात कोकण रेल्वेने गेल्यासारखं वाटतं. पण गाडी ताशी एखादीच, एक चुकली की सगळं गणित कोसळतं.

नागोयाहून: थेट बस मिळते, उएनोशीपर्यंत दीड तासाच्या आसपास. चढउतार नको असेल, वडीलधारी माणसं बरोबर असतील तर हीच सोपी.

जेआर पासवाल्यांसाठी: हा पास किन्तेत्सुवर आणि इगा रेल्वेवर चालत नाही. 'पास आहे म्हणजे सगळं फुकट' असं समजून पाहुणे मोठा वळसा घेत येतात आणि तिथेच उशीर होतो. ओसाकाहून किन्तेत्सुचं तिकीट काढणं सरळ परवडतं.

तोक्योहून एका दिवसात जाऊन येऊ नका. जमतं, पण दिवसभर रेल्वेच पाहाल.

५. पोचण्याची वेळ

संग्रहालय दहाला उघडतं आणि दुपारी चार-साडेचारला बंद होतं. शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा तास आधी. तेव्हा ओसाकाहून साडेसात-आठला निघा आणि दहाला दारात राहा. आपल्याकडची 'जेवून दुपारी निघू' ही पद्धत इथे अजिबात चालत नाही.

उएनोशी स्टेशनवरून बागेत चालत दहाएक मिनिटं. चढ आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला पंधरा लागली. स्टेशनवर खांबावर, छपराखाली निंजाचे पुतळे लपवलेत. मुलांना मोजायला लावा, म्हणजे तक्रार न करता चालतात.

६. आत: आधी घर, मग शो, मग दालन

बाहेरून निंजा-घर अगदी साधं आहे. गवताने शाकारलेलं, ठेंगणं, एखाद्या खात्यापित्या शेतकऱ्याचं असावं तसं. बाबा म्हणाले, "हे बघायला एवढ्या लांब आलो?" मी म्हटलं, "बाबा, आत तर चला."

लोकांना गटागटाने सोडतात. निंजा स्त्रीच्या, म्हणजे 'कुनोइची'च्या, पोशाखातली मुलगी घर दाखवते. बोलणं जपानीत असतं, थोडं इंग्रजी. पण इथे भाषा लागत नाही. ती भिंतीला टेकून उभी राहून काहीतरी सांगत होती, बोलता बोलता खांदा कडेला टेकवला आणि गेली. भिंत मधल्या आसावर अर्धी फिरली आणि जागच्या जागी बसली, टप असा एक बारीक आवाज. भाचा त्या भिंतीवर धावला, त्याने नेमकी चुकीची कड दाबली, भिंत हलेना. तोवर ती दुसऱ्याच दारातून मागे येऊन उभी. हिला 'दोंदेनगाएशी' म्हणतात. पाठलाग करणारा माणूस ज्या बाजूने ढकलतो त्या बाजूने ती भिंत फिरत नाही, एवढीच त्यातली गोम.

माझ्या मते त्याहून भारी आहे उंबऱ्याजवळची फळी. ती मुलगी फळीच्या टोकावर टाच टेकते, दुसरं टोक वर उचललं जातं आणि वाकता वाकता खालची तलवार तिच्या हातात असते. एका दमात. दुसऱ्या खेपेला मी हे मोबाइलमधून पाहिलं होतं आणि घरी येऊन व्हिडिओत फक्त समोरच्या माणसाची टोपी दिसली. म्हणून पुढे उभे राहा, मुलांना अगदी पुढे बसवा आणि फोन खिशात ठेवा.

कशालाही आपणहून हात लावू नका. त्या भिंती, फळ्या दाखवण्याचं काम त्यांचंच.

शो असेल तर घर झाल्यावर लगेच तिकडे. तलवारी, विळे, साखळ्या, खऱ्या हत्यारांनी जवळून केलेली प्रात्यक्षिकं, अधूनमधून विनोद. जपानी कळत नसलं तरी हसू येतं. पहिल्या रांगेत मुलं बसवली की त्यातल्या एखाद्याला पुढे बोलावतात. चांदण्या, म्हणजे 'शुरिकेन', फेकायचा खेळ वेगळे पैसे भरून खेळता येतो. हातात घेतल्यावर कळतं की लोखंड किती जड असतं. भाच्याच्या सगळ्या चांदण्या फळीवर आपटून खाली पडल्या. बाबांची एक रुतली, ती त्यांनी पुढचे चार दिवस सगळ्यांना सांगितली.

७. दालनात घाई करू नका

इथे लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात. मीही दुसऱ्या खेपेला तेच केलं. या दालनात अर्धा-पाऊण तास काढलात तरच इगाला आल्याचं सार्थक, असं माझं स्पष्ट मत आहे.

चित्रपटांतला काळ्या कपड्यांतला निंजा विसरून आत जा. तो काळा वेश मुख्यतः रंगमंचावरून आलेला. खरे लोक शेतकऱ्याच्या, फिरस्त्या व्यापाऱ्याच्या, भिक्षूच्या कपड्यांत फिरायचे. वेशांतराचे सात प्रकार ठरलेले होते: बासरी वाजवत फिरणारा साधू, बौद्ध भिक्षू, डोंगरात तप करणारा यामाबुशी, व्यापारी, रस्त्यावर खेळ करणारा, नट, आणि सातवा म्हणजे अगदी चारचौघांसारखा माणूस. बाबा ती यादी ऐकून म्हणाले, "म्हणजे आपले बहिर्जी नाईकच की!" साताऱ्याच्या माणसाला दुसरं काय आठवणार. पण ते चुकलेही नव्हते. काम तेच: जायचं, बघायचं, जिवंत परत येऊन सांगायचं.

'निंजा' हा शब्दही फार जुना नाही, विसाव्या शतकात रुळला. त्या काळात यांना 'शिनोबी' म्हणत. या शब्दाचं जपानी अक्षर पाहा: वर धार, खाली काळीज. अर्थ सोसणं, दबून राहणं.

आता कपाटं. कुनाई पाहा, ज्याला सगळे फेकायचा सुरा समजतात. ते खरं तर खणायचं, भिंतीत भोक पाडायचं अवजार. आपल्या खुरप्याच्या-पहारीच्या कुळातलं. करवत, विळा, आकडा लावलेला दोर, सगळं शेतकऱ्याच्या घरात सापडेल असं. हत्यारासारखं दिसणारं काही सापडलं की माणूस पकडला जाणार, हे उघड आहे.

प्रवासात जवळ ठेवायच्या सहा वस्तूंची यादी आहे: विणलेली टोपी, आकड्याचा दोर, दगडी पेन्सिल, औषध, तीन फुटी फडकं, आणि विस्तव नेण्यासाठी बांबूची नळी. यात तलवार नाही, हे माझ्या लक्षात तिसऱ्या खेपेला आलं.

एका कपाटापाशी आई थबकली. "अगं, हा तर शिंगाडा!" खरंच शिंगाडा. वाळवलेला, चहूबाजूंनी टोकदार काटे असलेला. पळताना मागे टाकायचा. कसाही पडला तरी एक काटा वर, आणि मागून येणाऱ्याच्या गवती चपलेतून आरपार. त्याला 'माकिबिशी' म्हणतात, त्यातला 'हिशी' म्हणजे शिंगाडाच. लोखंडाचे सुद्धा असत, पण ते जड आणि महाग, तळ्यातला फुकट. भूक लागली तर खाताही येतो. आईने काचेला नाक लावून निरखला आणि म्हणाली, "आपल्याला दोन शिंगं असतात, याला जास्त आहेत." उपासाच्या पिठाकडे ती आता वेगळ्या नजरेने पाहते.

रंगवलेले तांदूळ शोधा. पाच रंगांचे दाणे, वाटेवर ठरावीक क्रमाने टाकले की मागून येणाऱ्या साथीदाराला निरोप. पक्षी खात नाहीत म्हणे. पाण्यावर चालायचं लाकडी 'मिझुगुमो' सगळे फोटो काढून घेतात. चिखल-दलदलीत बुडू नये म्हणून ते असावं हे पटतं, तळ्यावरून चालत जाणं नाही.

आणि जुन्या ग्रंथाचं पान. 'बान्सेन्शूकाई', 1676 साली इगातल्या फुजिबायाशी घराण्यातल्या माणसाने संकलित केलेला. नावाचा अर्थ, दहा हजार नद्या समुद्रात मिळतात. युक्त्या-हत्यारांआधी त्यात येतं ते मन सरळ ठेवण्याचं प्रकरण. ही विद्या चोराच्या हाती पडली तर काय, ही भीती लिहिणाऱ्याला होतीच.

जाता जाता: 2020 च्या ऑगस्टमध्ये याच संग्रहालयाच्या कार्यालयातून रात्री चोरांनी दीडशे किलोची तिजोरी तीनएक मिनिटांत पळवली, आत दहा लाख येनहून जास्त रक्कम होती. जगभरच्या बातम्यांना त्या दिवशी मथळा आयताच मिळाला.

८. इतिहास: गाडीत वाचून घ्या

इगाला एकच एक राजा नव्हता. डोंगरांच्या आडोशाला छोटे जमीनदार आपापल्या गढ्या राखून होते आणि बाहेरचा आला की एकत्र व्हायचे. राजधानी क्योतो जवळ, त्यामुळे बातम्यांना भाव. अशा जागी हेरगिरी हा व्यवसाय वाढला यात नवल नाही.

1579 साली ओदा नोबुनागा या त्या काळच्या बलाढ्य सरदाराच्या मुलाने, नोबुकात्सुने, वडिलांना न विचारता इगावर स्वारी केली आणि मार खाऊन परतला. 1581 मध्ये नोबुनागाने चाळीस हजारांच्या पुढचं सैन्य धाडलं, अनेक खिंडींतून एकाच वेळी. इगा बेचिराख झालं. पुढच्याच वर्षी नोबुनागा क्योतोत दगाफटक्याने मेला, आणि त्या धामधुमीत ओसाकाजवळच्या साकाईला अडकलेला त्याचा मित्र-सरदार तोकुगावा इएयासु याच इगाच्या डोंगरांतून निसटून आपल्या मुलखात पोचला. वाट काढून देणाऱ्यांत हात्तोरी हान्झो होता. त्याचे वडील इगाचे, तो स्वतः इएयासुच्या मुलखात, मिकावात, जन्मलेला. इएयासु पुढे शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी राज्यकर्ता, झाला आणि इगाच्या लोकांना एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, किल्ल्यावर पहाऱ्याची नोकरी मिळाली. तोक्योत हान्झोमोन नावाची मेट्रो लाइन आहे ना? ते नाव किल्ल्याच्या हान्झो दरवाज्यावरून.

हेर लोक सरकारी पहारेकरी झाले. मग शांततेत बसून त्यांच्या वंशजांनी जुनं ज्ञान लिहून ठेवलं, म्हणून 1581 ची गोष्ट आणि 1676 चा ग्रंथ यांत जवळजवळ शतकाचं अंतर दिसतं.

९. जेवण

गाव बीफसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे मुख्य रस्त्यावर शाकाहारी माणसाची पंचाईत होते. दोन मार्ग. एक, तोफू देन्गाकु: तोफूचे तुकडे काडीला टोचून, वर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) फासून निखाऱ्यावर भाजलेले. ही इथली जुनी खासियत. मिसोत माशाचं पाणी घातलंय का ते मात्र भाषांतर-ॲपवर विचारा. कट्टर असाल तर हे विचारणं सोडू नका. दुसरा मार्ग आमचा: तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं, बागेतल्या बाकावर. लोकल गाडीत डबा उघडू नका, तिथे ते बरं दिसत नाही. कचऱ्याचे डबे मिळणार नाहीत, पिशवी बरोबर न्या आणि परत आणा.

१०. वेळ उरला तर

शेजारीच उएनो किल्ला. 1611 पासून तोदो ताकातोरा या सरदाराने तो नव्याने बांधायला घेतला. पाच मजली बुरूज पुरा होत आला होता, तो 1612 च्या वादळात कोसळला. आत्ताचा लाकडी बुरूज 1935 चा आहे, पण खालची दगडी भिंत जुनीच. साधारण तीस मीटर उंच, जपानमधल्या सर्वांत उंच भिंतींपैकी. बाबा कडेवर उभे राहून खाली बघत "चुना नाही, काही नाही, नुसता दगडावर दगड," असं पुटपुटत होते. कडेला मुलांचा हात सोडू नका.

कवी बाशो याच गावचा, जन्म 1644. मराठीत शिरीष पै यांनी हायकू आणला-रुजवला, त्या हायकूचा हा मूळपुरुष. बागेत त्याच्या नावाचं 'हाइसेइदेन' आहे, छप्पर त्याच्या प्रवासी टोपीसारखं. इगाचा माणूस, 1689 साली जपानच्या उत्तरेत एवढी पायपीट केली, म्हणजे तो निंजाच असणार, असं गावात कुणीही सांगेल. पुरावा काही नाही. ऐकायला छान वाटतं.

११. निघताना

परतीच्या इगा रेल्वेची वेळ सकाळी उतरल्यावरच फलाटावरच्या तक्त्याचा फोटो काढून ठेवा. संध्याकाळी गाड्यांमधलं अंतर वाढतं.

आणि खरेदीत दुसरं काही नको, 'कातायाकी' घ्या. गव्हाच्या पिठाचं, साखरेचं, तीळ किंवा शेंगदाणे घातलेलं बिस्किट. निंजांची शिदोरी म्हणून विकतात. घटक पाकिटावर वाचून घ्या. हे बिस्किट दातांनी तोडायचा प्रयत्न करू नका, हे मी कळकळीने सांगतेय; दुकानदार सोबत लाकडी हातोडी विकतो ती गंमत म्हणून नाही. एकावर एक आपटूनही फुटतं. आम्ही हातोडी घेतली नाही. आईने साताऱ्याला गेल्यावर फोन केला: बत्त्याने फोडलं, तुकडे चहात बुडवले, शेजारच्या काकूंनी विचारलं ही कुठली चिक्की म्हणून. अजून दोन पाकिटं पाठव म्हणाली, शेंगदाण्याची.